अम्मांच्या शेजारची जागा

माझी धाकटी जाऊ उशीला डोकं टेकायच्या आत झोपते. आत म्हणजे खरोखर आत. बोलता बोलता तिचा शब्द अर्धा राहतो आणि पुढचं आपण घोरण्यात ऐकायचं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी हे बघते आहे आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं आहे.

कारण मला ते जमत नाही. माझा डोळा लागतो, अंग सैल पडतं, आणि नेमकं तेव्हाच जिन्याची पायरी चुकावी तसा पाय हवेत जातो आणि मी अख्खी दचकून जागी होते. छाती धडधडत राहते. पुन्हा डोळे मिटले की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, यात घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळांना होतं, कॉफी कमी करा. बंगळुरात राहून कॉफी कमी करा म्हणणाऱ्या माणसाला काय बोलणार? तरी केली. दुधात जायफळ उगाळून घेतलं, पायांवर जड गोधडी घेतली, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. रात्रीचा त्रास थोडा कमी झाला. पण माझं खरं अडत होतं ते दुपारी.

माझं माहेर पुण्याचं. सासर मात्र कित्येक पिढ्या बंगळुरातलं, मराठीत निम्मं कन्नड मिसळून बोलणारं. सासूला तिथे सगळे अम्मा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आम्ही कोरमंगलात राहतो, दीर-जाऊ देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमध्ये, आणि दर रविवारी सगळ्यांनी राजाजीनगरला अम्मांकडे जेवायचं. सारू-भात पोटभर झाला की हॉलमधल्या लाल जमिनीवर चटया पडतात. खिडकीकडे पुरुष, मधे मुलं, इकडच्या टोकाला बायका. सगळ्यांनी निजायचं, आणि डाव्या कुशीवरच निजायचं. हा अम्मांचा नियम. कुणी उजवीकडे वळलेलं दिसलं तर त्या पायाने ढोसून सरळ करतात, मग तो बँकेत मॅनेजर असला तरी.

नवी सून म्हणून पहिल्या रविवारी मला अम्मांच्या शेजारची चटई मिळाली. डोळा लागला आणि मी अशी काही दचकले की उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उडाला. पाणी थेट सासऱ्यांच्या धोतरापर्यंत गेलं. अख्खी रांग उठून बसली आणि हसून हसून लोळली. अम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू ऊठ. जा, कॉफीचं डिकॉक्शन लाव."

मी उठले ती उठलेच. पुढच्या रविवारी मीच जाहीर केलं की मला दुपारी झोप येत नाही. पेंगुळलेले डोळे घेऊन मी भांडी घासायची, डिकॉक्शन लावायची. पुण्याची सून कामाला वाघ आहे अशी कीर्ती झाली. कसला वाघ? झोपेने मेलेली असायचे मी.

मग जाऊ आली आणि पहिल्याच रविवारी त्या जागेवर पडून तोंड उघडं टाकून झोपली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. अम्मा तिच्याकडे तोंड करून निजल्या होत्या आणि त्यांचा हात दोन चटयांच्या मधे, तिच्या बाजूला पसरलेला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो हात मी नंतर दर रविवारी बघितला. माझी आई मी शाळेत असताना गेली. लग्न करून येताना मला सगळ्यात जास्त ओढ सासूची होती, हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. अम्मांनी मला कधी दुखवलं नाही, पण तो हात काही माझ्याकडे वळला नाही. वर ही बया झोपून उठली की जांभई देत मला सांगणार, "अक्का, तुम्ही पण स्वल्प पडायचं की."

सासरे गेले. यंदा अम्मांचे गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी एकटं राहायचं नाही असं ठरलं. कुणाकडे जायचं, ते मुलांनी त्यांच्यावर सोपवलं. मला त्या आमच्याकडे यायला हव्या होत्या. अगदी हट्टाने हव्या होत्या. आणि त्या तिकडे जाणार हेही मला दिसत होतं.

त्या रविवारी जेवता जेवता जावेने मोबाइल काढला आणि अम्मांना फोटो दाखवायला लागली. देवनहळ्ळीच्या घरातली खालची खोली. मोरपंखी पडदे. बाथरूममध्ये धरायला दांडा. "अम्मा, तुमच्यासाठी रेडी आहे." अम्मा चष्मा वर करून बघत म्हणाल्या, "चांगलं केलंस." मेलीने पडदेसुद्धा लावून टाकले होते आणि मी आपली अम्मांनी विचारायची वाट बघत बसले होते.

जेवणं झाली. मी भांडी तशीच सिंकमध्ये टाकली आणि हॉलमध्ये गेले. त्या जागेवर जाऊ घोरत होती. अम्मांच्या पाठीमागे, भिंतीला लागून, वीतभर जागा होती. चटईही नव्हती. मी तिथेच लाल जमिनीवर आडवी झाले. दचकले तर दचकले, हसू दे सगळ्यांना, म्हटलं.

राग होता तरी झोप आलीच. डोळा लागतोय तोवर माझ्या नडगीवर फाटकन टाच बसली. मी दचकले, पण या वेळी माझ्यामुळे नाही. अम्मांचं सगळं अंग हललं होतं. त्या हळूच मान वळवून बघायला लागल्या आणि त्यांना मी दिसले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"तुम्हालाही?" मी पुटपुटले.

"परकर नेसायची तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांची जन्मभर झोपमोड केली. म्हणून हिच्या शेजारी निजते. लाथ बसली तरी हिला कळत नाही."

"आणि मला उठवलंत ते?"

"त्या दिवशी तांब्या उडवलास तेव्हाच समजले, ही माझ्यासारखीच. आपण दोघी शेजारी निजलो तर दोघींची झोप गेली. म्हणून तुला आत धाडलं. मग तूच म्हणालीस, दुपारी झोप येत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "देवनहळ्ळीलाही त्यासाठीच जाते. तिथे कुणाची झोप मोडणार नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "माझी कुठली झोप आहे मोडायला?" मी म्हटलं. "मला या जागेचा हेवा वाटतो, अम्मा. ती आली त्या दिवसापासून वाटतो. तुमचा हात कायम तिच्याकडे."

"तिच्याकडे कुठला? जमिनीवर." त्यांनी माझा हात धरून तळवा लाल जमिनीवर सपाट ठेवला. जमीन गार होती. "असा ठेवून निजायचं. पडल्यासारखं झालं की हाताला कळतं, जमीन आहे इथे. दचकणं जात नाही, पण भीती जाते."

मी हात तसाच ठेवला. "माझ्याकडे या," मी म्हटलं. "आपण एकमेकींना उठवू."

अम्मांनी मान वळवून बघितलं. पलीकडे जावेचं घोरणं चालू होतं.

"सरी, येते," त्या म्हणाल्या.

त्या आता कोरमंगलात आहेत. जाऊ महिनाभर फुगून होती. मोरपंखी पडदे लावूनही अम्मा अक्कांकडेच का गेल्या, हे तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. रविवारी सगळे आमच्याकडे येतात. चटया पडतात, जाऊ धावत जाऊन अम्मांच्या डाव्या बाजूची जागा धरते आणि पडल्या पडल्या झोपते. तिच्या त्या झोपेचा मला अजून तेवढाच हेवा वाटतो. मी त्यांच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला, हात जमिनीवर ठेवून पडते. थोडा वेळ जातो. मग सगळ्यांचे डोळे मिटलेले बघून अम्मा हळूच उजव्या कुशीवर वळतात.