खुंटीवरची पिशवी

जिंतूरच्या एका अध्यापक विद्यालयात मी बालमानसशास्त्र शिकवते. आईपासून तुटलेलं मूल आधी आकांत करतं, मग खचतं आणि शेवटी गप्प होतं, हा धडा दरवर्षी येतो. गप्प झालेलं मूल सावरलेलं नसतं, त्यानं आशा सोडलेली असते, असं मनोविश्लेषणवाले म्हणतात. मुली माना डोलावत लिहून घेतात. परीक्षेपुरतं तेवढं बास होतं.

मी लहान असताना पाठचा भाऊ सारखा आजारी, म्हणून मला सोनपेठहून राणीसावरगावला आजोळी ठेवलं. आई अधूनमधून भेटायला यायची. जाताना मात्र सांगायची नाही. लेकराचा डोळा चुकवून निघायचं, ही आपल्याकडची रीतच. मामी मला गूळ-शेंगदाणे द्यायला आत बोलवायची, आणि मी बाहेर येईपर्यंत खुंटीवरची आईची पिशवी गेलेली असायची. मग मी घर डोक्यावर घ्यायचे.

पुढं पुढं मामीची हाक आली की मला कळायचं. एकदा तर मी खुंटीकडं पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर बसून गूळ खाल्ला. "रुळलं बाई लेकरू," मामी म्हणाली. त्यानंतर आईचं येणं कमी झालं. दहावीपर्यंत मी तिथंच राहिले. आईला मी नकोच होते, हे तेव्हाच मनाशी पक्कं केलं, आणि त्या रागावर मी बरीच वर्षं काढली.

यंदा दिवाळीनंतर आई माझ्याकडं राहायला आली होती. आता थकलीय. निघायच्या दिवशी तिची पिशवी भरता भरता मी विचारलंच, "तू तेव्हा न सांगता का जायचीस?"

"तू रडायचीस तवर मी गोठ्यामागं उभी ऱ्हायची," ती म्हणाली. "गप झालीस की मंग फाट्याकडं निघायची. एक दिवस तू रडलीच न्हाईस. मला वाटलं, लेकरू इसरलं मला. मंग कशाला सारखं येऊन त्याला तोडायचं? म्हून येणं कमी केलं."

इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले तेच मला तिला सांगायचं होतं. मी पिशवीचे बंद बांधले.

स्टँडवर परभणीची गाडी लागलेली होती. आईला खिडकीजवळ जागा मिळाली. आता ती सांगून जाते. "येते गं," म्हणाली आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला मोठ्यानं रडायचं होतं. मी समजूतदार पोरीसारखा हात हलवला.