पोवळ्यातला मासा

"एवढासा!" म्हणत ते करंगळीचं पेर चिमटीत धरून दाखवायचे. पोलादपूरला एसटी थांब्यासमोर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर. तरुणपणी ते मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेलेले. एकदा बोट कुठल्याशा बेटाजवळ नांगरली, तेव्हा पोवळ्याच्या झुडपात राहणारा पिवळाधमक मासा त्यांनी पाहिला. त्याची गोष्ट ते चहाबरोबर फुकट द्यायचे.

"नर-मादी एकाच झुडपात. ओहोटीला झुडूप उघडं पडतं, तरी हा घर सोडीत नाय. भरती येईस्तोवर तसाच बसून ऱ्हातो."

"पाण्याबाहेर मासा जगतो होय?" ट्रकवाले हसायचे.

"महाडच्या खाडीत निवटी मासळी चिखलावर उड्या मारते, ती चालते तुमाला. माझाच मासा खोटा?"

ते खरोखर चिडायचे, आणि चिडले की चहात साखर जास्त पडायची. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही त्यांना चिडवलंच असतं.

मग त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला. डोंगरातल्या कुडपण गावची ती बाई एका बाजूने लुळी पडली. मूलबाळ नव्हतं. त्याच सुमारास मुंबईहून धाकटा भाऊ आला. मी बाकावर चहा पीत होतो.

"दादा, बोटीवर जागा निघालीय. वहिनीला माहेरी ठेव नि चल. असा चान्स परत नाय."

ते बराच वेळ किटली पुसत राहिले.

"कुठली बोट?"

भावाने नाव सांगितलं.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पण मी नाय येत रे."

भाऊ रागाने निघून गेला. त्यानंतर रोज दुपारी ते बायकोला काखेत धरून बाकांमधून चालवायचे. "टाक गो पाय! गिऱ्हाईक बघतंय!" ती वाकड्या तोंडाने त्यांना शिव्या द्यायची आणि एक पाऊल टाकायची. माशाची गोष्ट मात्र त्यांनी बंद केली. कुणी विचारलंच तर "इसरलो" म्हणायचे.

ती काठीवर चालू लागली, तेव्हा हॉटेल बंद ठेवून ते तिला एसटीने श्रीवर्धनला घेऊन गेले. तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

पुढे काही वर्षांनी तापाचं निमित्त होऊन ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा ती दारात बसली होती. बोलता बोलता श्रीवर्धनचा विषय निघाला.

"इतक्या वर्षांनी समुद्र बघून ते हरखले असतील," मी म्हणालो.

"कुठलं वो, गुरुजी," ती म्हणाली. "मी पानी बघत व्हते, आनि हे माज्याकडंच बघत व्हते."