झुलत्या पुलाच्या अकरा फळ्या

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती फळ्यांच्या चोरीची केस काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा वरूडकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत नदीवर लोखंडी तारांचा जुना झुलता पूल होता. पलीकडे संत्र्याचे बगीचे. तोडणीच्या बायका रोज त्यावरूनच जात. एका सकाळी सरपंच तक्रार घेऊन आले. पुलाच्या मधल्या अकरा फळ्या चोरीला गेल्या होत्या. पूल बंद पडला होता, आता बायकांना बारा किलोमीटरचा वळसा होता.

गुन्हा नोंदवून पंचनाम्याला गेलो. नट-बोल्ट तिथेच, तेल लावून चिंधीत बांधून ठेवलेले. भुरटा चोर लोखंड नेतो, लाकूड सोडतो. हा उलट्या खोपडीचा निघाला. दुपारी चहाच्या टपरीवाल्यानं खबर दिली, फळ्या गावातल्या म्हाताऱ्या सुताराच्या अंगणात आहेत.

सुताराला ठाण्यात आणलं. मी आवाज चढवला, "फळ्या का काढल्या?"

"सडल्या होत्या, सायेब. एखादी बाई खाली गेली असती. तीन अर्ज देले. एक तं तुमच्याच ठान्यात देला."

मी चिडून आवक रजिस्टर मागवलं. अर्ज आला होता. त्यावर 'संबंधित विभागाकडे' असा शेरा आणि खाली माझीच सही. वाचला मात्र नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

जप्तीसाठी सुताराच्या अंगणात गेलो, सरपंचही सोबत होते. सुतारानं एका फळीत बोट खुपसलं, ते आरपार गेलं. मग फळी उलटी केली. खालच्या बाजूला नाव कोरलेलं होतं. पूल बांधताना प्रत्येक घरानं आपल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीची एक फळी दिली होती. सडली की त्याच घरानं बदलायची, असा रिवाज. गाव तो विसरलं होतं. सुताराच्या बापानं नावं कोरली होती, म्हणून तो विसरला नव्हता.

"हे तुमच्या आज्याची हाय," तो सरपंचांना म्हणाला.

सरपंचांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माही फळी उद्या आनतो, काका. बाकीच्यायले बी सांगतो."

मी न्यायालयात 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला होता. आठवड्याभरात अकरा घरांच्या अकरा फळ्या बसल्या. सुतारानं मलाच पुढं केलं, "आधी तुमी चाला, सायेब. तुमच्याएवढा वजनदार मानूस गावात नाई." मी चाललो, आणि मागून बायका हसत निघाल्या.

त्यानंतर एकही अर्ज न वाचता पुढं ढकलला नाही. माणूस आधी कागद घेऊनच आपल्या दारी येतो. तो कागद वाचला, तर त्याला चोर व्हावं लागत नाही.