होडीचं दावं

समोर कुठलीही वस्तू आली की मिस्त्री आधी तिला टिचकी मारायचे. कलिंगड, माठ, चहाचा कप, एकदा तर माझ्या दुकानाची नवी काच. टिचकी मारायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "ह्यात कायतरी हाय."

उमेदीची वर्षं त्यांनी फौंड्रीत काढली होती. ओतीव लोखंडाला तडा गेला असेल तर तो डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळतो. पुढे उचगावला माझ्या बेअरिंगच्या दुकानाशेजारी त्यांनी ऑईल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं, तरी सवय सुटली नाही. माणसांना टिचकी मारता येत नाही म्हणून त्यांच्याकडे ते नुसते बघत राहायचे. असा एखादा नग तुमच्याही गल्लीत असेल. तो भांडखोर नसतो, त्याला फक्त कुणाचंच खरं वाटत नाही.

गंमत अशी की गल्लीला संशय होता तो मिस्त्रींचाच. नारळी पौर्णिमा झाली की हा माणूस दर दुसऱ्या शनिवारी गगनबावड्याची एसटी धरायचा आणि सोमवारी काळाठिक्कर होऊन परत यायचा. दिवाळीनंतर तर आठ-आठ दिवस पत्ता नसायचा. "कुठं गेलता?" विचारलं की "कामाला." शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला दुकानात गाठलं.

"भावजी, खाली कोकणात दुसरं बिऱ्हाड हाय काय, तेवढं बघून या."

माझाही संशय तोच होता. पुढच्या खेपेला मी त्यांच्या मागच्या एसटीनं, विचारत विचारत गेलो.

देवगडच्या खाडीत बिऱ्हाड सापडलं. शिडाची होडी. तिथल्या लोकांनी इंजिनाच्या होड्या घेतल्यावर ही पडून होती, ती मिस्त्रींनी घेऊन फळी फळी बदलून उभी केली होती. मला बघून ते दचकले नाहीत. "तिनं धाडलं न्हवं तुला?" म्हणाले आणि हाताला धरून आत बसवलं.

मी विचारलं, "जन्मभर इंजिनं दुरुस्त केलीत, मग हिला एक का नाही बसवत?"

"इंजनावर इस्वास न्हाय माझा. आतनं बघितलंय की त्येला."

"आणि वाऱ्यावर आहे?"

"वारं फसवतंय, पर सांगून फसवतंय."

शीड भरलं तशी मी होडीची कड दोन्ही हातांनी धरली. मिस्त्री मात्र हसत होते. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांचे सगळे दात कधी पाहिले नव्हते. परत येऊन वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "होडीसाठी एवढ्या लांब? आपला रंकाळा तलाव आटला काय?" त्यांचा विश्वास बसायला दोन वर्षं गेली.

वीसेक वर्षं मिस्त्री त्या होडीतून वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत हिंडले. बहुतेक वेळा एकटेच, क्वचित माझ्यासारखं ओझं घेऊन.

मग कान गेले. आधी दोष आमच्यावर. "मुद्दाम हळू बोलता व्हय रं?" मग डॉक्टरवर संशय, मग कानातल्या यंत्रावर. ते यंत्र त्यांनी उघडून बघितलं आणि परत काही जुळलं नाही. एका हिवाळ्यात मागून आलेल्या ट्रॉलरचा भोंगा त्यांना ऐकूच आला नाही. थोडक्यात वाचले. वहिनींना कळू दिलं नाही. मला मात्र सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाले, "गिऱ्हाईक बघ तिला."

गिऱ्हाइकं आली. पुण्याच्या एकाला ती हॉटेलच्या दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती. दुसरा इंजिन बसवणार म्हणाला. दोघांनाही मिस्त्रींनी चहासुद्धा विचारला नाही. तिला वाऱ्यावर चालवील असंच माणूस त्यांना हवं होतं, आणि अशी माणसं आता कुठून आणायची?

तिसऱ्या आल्या त्या तिथल्याच शाळेतल्या बाई. वडिलांबरोबर लहानपणी शीड सांभाळलेलं, पण त्याला बरीच वर्षं झालेली. मिस्त्रींनी त्यांना तासभर प्रश्न विचारले आणि उत्तरं कागदावर लिहून घेतली. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरी वाटतीया. पर हात बसलाय का मोडलाय, त्ये पाण्यावरच कळंल."

ताबा द्यायच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग मिस्त्री वाकले, नांगराचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि आपल्या पिशवीत घातला.

बाई म्हणाल्या, "काका, तो दोर होडीचा आहे."

मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. बाईंना वाटलं, सोंग करताहेत.

"गाडी विकताना कुणी चाक काढून नेतं का? आणखी काय काय काढलंय हिचं? मला नको हा व्यवहार." त्या उतरून चालायला लागल्या.

मी मागे धावलो आणि त्यांना समजावून सांगितलं. मिस्त्री मूळचे नेसरीकडचे, म्हशींच्या घरातले. आमच्याकडे दुभती म्हैस विकली तर दावं देत नाहीत, ते आपल्याच खुंट्याला राहतं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दावं गेलं तर मागोमाग घरातलं दुभतं जातं, अशी समजूत. हे साऱ्या जगाला ठाऊक असतं, या भ्रमात मिस्त्रींनी सांगितलंच नव्हतं.

बाई थांबल्या. थोडा वेळ माझ्याकडे संशयानं बघत राहिल्या. मग घरी जाऊन नवा दोर घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं बांधला. "काका, एक फेरी मारू या?" त्यांनी खुणेनं विचारलं.

"इकल्याली म्हस परत पिळत न्हाईत, बाई. तुमी जावा."

आणि ते धक्क्यावर खाडीकडे पाठ करून बसले. विकलेलं जनावर दारातून निघालं की मालकानं तिकडे बघायचं नसतं, ते हंबरतं. मी त्यांच्यासमोर उभा होतो. मला होडी दिसत होती, त्यांना मी.

बाईंनी शीड वर घेतलं. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "फडफडतंय काय?"

शीड नीट धरलं नाही तर ते फडफडतं, एवढं मलाही कळत होतं. आणि ते फडफडत होतं. होडीचं तोंड भलतीकडे वळलं होतं, बाई दोन्ही हातांनी दोर ओढत होत्या.

मी मान हलवली. नाही.

"खरं सांग."

"नाही, मिस्त्री. छान भरलंय," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता वळून बघतील. पण ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. पुढे शीड भरलं, होडी सरळ झाली, खाडीच्या तोंडाकडे निघाली, पण तोवर ते लांब गेले होते.

मिस्त्रींना जाऊन आता वर्ष होईल. सगळ्या जन्मात त्यांनी एकदाच कुणाचं बोलणं पारखून न बघता घेतलं, आणि ते माझं होतं. मी खोटं बोललो होतो, हे मी अजून वहिनींनाही सांगितलेलं नाही.