अनवाणी चांदणी

आमच्या घोडीनं कोणताही नवस बोललेला नव्हता. हे एकदाच स्पष्ट सांगून टाकतो, कारण औशात अजूनही भर रस्त्यात मला थांबवून "घोडीचा नवस फिटला का गुरुजी?" असं विचारणारी माणसं आहेत.

चांदणी ही माझ्या थोरल्या भावाची, दादाची, पांढरी घोडी. तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला गेलेले. यंदा दिवाळीनंतर खुद्द दादाच्या पोराचं, आमच्या संतोषचं लग्न ठरलं, आणि श्रावणातच ही बया पुढच्या पायानं लंगडायला लागली!

दादा भडकला. "संतोष्याच्या लग्नापस्तोर नीट झाली तर झाली, न्हाईतर माळेगावच्या जत्रंत इकून टाकतो!"

मला घोड्यावर बसता येत नाही. (एकदा बसलो होतो. उतरवायला चार माणसं लागली.) पण मी शाळेतून आलो की चांदणी माझ्या शर्टाचा खिसा हुंगते. घरात माझ्या येण्याची दखल घेणारी ती एकटीच आहे. तिला विकायची भाषा ऐकून माझं टाळकं सरकलं.

दादाची मुलगी सुमन जनावरांची डॉक्टर. तिनं चांदणीचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला, खूर दाबून पाहिला आणि निकाल दिला.

"बाबा, नाल काढा. नालेवर नाल ठोकत राहिलाव अन् खुराच्या टाचा आवळून गेल्या. खूर नीट तासू, अनवाणी मातीत चालू द्या. हरभरा, गूळ बंद. नुसतं वाळलं गवत."

"अगं, पाहुणे काय म्हणतील? नवरदेवाला बूट अन् घोडीला काहीच न्हाई!"

"तिला खूर हायत, बाबा. काका, रोज सकाळी फिरवायचं तुमच्याकडं."

नाल निघाली. ज्या नालेनं घोडी लंगडी केली, तीच नाल दादानं त्याच दिवशी शुभ म्हणून आमच्या चौकटीला ठोकली! मी तणतणलो. घरात कोणी लक्ष दिलं नाही.

मी रोज तिला सडकेच्या कडेच्या मऊ पायवाटेनं फिरवू लागलो. माझ्या चपलांचा फटक् फटक् आवाज झाला की ती बिचकायची आणि पाय वाकडा टाकायची. म्हणून मीही चपला काढल्या. महिन्या-दोन महिन्यांत तिची चाल सुधारू लागली, माझ्या टाचांना भेगा पडल्या, आणि नवरात्र उजाडलं.

नवरात्रात आमच्या सडकेनं माणसं अनवाणी तुळजापूरला निघतात, हे मी विसरलो होतो. त्यात आमची पायवाटही नेमकी त्याच दिशेची! शेजारच्या रुक्मिणकाकूंनी आम्हा दोघांना पाहिलं आणि हातातली घागर खाली ठेवली.

"आगं बया! घोडीबी अनवाणी?"

"काकू, पाय दुखतोय तिचा. म्हणून नाल काढली."

"पाय दुखून बी निघाली! काय ती भक्ती!"

दुसऱ्या दिवशी चांदणीच्या कपाळावर हळदकुंकू आणि समोर पुरणपोळी.

"काकू, तिला गोड चालत नाही. डॉक्टरनं बंद केलंय."

"आईच्या नैवेद्याला न्हाई म्हंता? शिकून सवरून आसलं बोलून राहिलाव, गुरुजी?"

आता मी काय करावं, तुम्हीच सांगा! पोळी घोडीला द्यावी तर तिचा पाय पुन्हा बिघडणार आणि ती थेट माळेगावला जाणार. परत करावी तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी काकूंची पाठ वळल्यावर मी ती पोळी घोडीच्या वतीनं खाल्ली. बातमी पसरली. शिरा आला, खीर आली, तूप सोडलेल्या पोळ्यांची चळत आली. घोडीसाठी माणूस किती झिजतो (म्हणजे फुगतो), हे त्या काळात माझ्या शर्टाच्या बटणांना विचारा. मी भिंतीकडे तोंड करून खायचो आणि चांदणी गवत चघळत माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिचा खाऊ चोरतोय. (चोरतच होतो. पण तिच्याच भल्यासाठी!)

लग्नाच्या दिवशी चांदणी अशी चालली की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवून पाहिलं. अनवाणी, ताठ मानेनं, चारही पाय सरळ! संतोषला मारुतीला नेऊन आणलं आणि मांडवाच्या दारात नाचलीसुद्धा. माझे डोळे भरून आले. थोडे आनंदानं, थोडे टाचेतल्या कळेनं.

मुलीकडचे पाहुणे हिमायतनगरचे. त्यातला एक म्हणाला, "घोडी लंगडी हाय म्हणून ऐकलं होतं."

"घोडी कुठं लंगडून राहिली?" दादा छाती काढून म्हणाला. "लगाम धरलाय ना, त्यो लंगडतोय. आमचा धाकटा भाऊ हाय."

सगळा मांडव हसला. तेवढ्यात सुमन आली आणि भर मांडवात मला म्हणाली, "काका, पाय वर." घोडीचा उचलायची तस्साच तिनं माझा पाय उचलून टाच दाबली. मी किंकाळलो.

"टाच सुजलीया. वजन कितीक वाढलंय! उद्याच दवाखान्यात चला. अन् आजपासनं गोड बंद."

माझ्या दुसऱ्या हातातली जिलेबी कोणीतरी तत्परतेनं काढून घेतली.

"मंग ह्यालाच न्यावं का माळेगावला?" दादा म्हणाला.

"कोण घेईल ह्यास्नी?" रुक्मिणकाकू पदराआडून म्हणाल्या. "समदं नवरात्र बघत होते की मी खिडकीतनं. खायलाच किती लागतंय!"

ज्या माणसानं घोडी वाचवली, त्याचा हा सत्कार! मी लगाम टाकला आणि संतापानं ताडताड मांडवाबाहेर निघून गेलो. म्हणजे निघालो ताडताडच. पण पाहुण्यांचं जेवण उरकून हात धुऊन झाले, तरी मी अजून मांडवातच होतो.