बकरीच्या पिक्चरचा दुसरा भाग

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. मुलीजवळ नाही, मेव्हण्याजवळ तर नाहीच. देवापुढेही नाही — त्याला सांगून काय होतं, तो कुठे उलटून बोलतो? तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतो. ओळखीचे असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो. ती सवय मला चांगली आहे.

बायको गेली त्याला वर्ष झालं. सिंधू तिचं नाव. लोक भेटायला येतात, खुर्चीत बसतात, चहा पितात आणि म्हणतात, "नाना, संसार चांगला केला तुम्ही." चांगला! मी दारू प्यालो नाही, हात उचलला नाही, घर सोडून गेलो नाही — एवढ्यावर यांचा चांगला. यांना काय कळतं? कप खाली ठेवतात आणि जातात.

गोष्ट एका पिक्चरची आहे. त्या पिक्चरात जनावरं गातात. हसाल — हसा. मीही त्या पिक्चरवर थुंकतच आलो आहे.

नव्वद सालाच्या पुढचे दिवस. गल्लीगल्लीत केबल नुकती आली होती. धुळ्याला एक लग्नाचं शूटिंग करणारा होता, त्याला सगळे शूटिंगवाले भाऊच म्हणायचे. लग्नसराई संपली की त्याचा कॅमेरा रिकामा. म्हणून त्यानं आपल्या खान्देशी बोलीत एक व्हिडिओ पिक्चर काढलं. सगळ्या घरानं बसून हसायचं पिक्चर. मालक गावाला गेला की जनावरं त्याचं घर चालवतात आणि उठता-बसता गातात. म्हैस सासू, कोंबडा सासरा, बकरी सून. म्हैस म्हणजे काळ्या घोंगडीखाली दोन माणसं, मागचा सारखा पुढच्याच्या टाचेवर पाय द्यायचा. बकरीची शिंगं पुठ्ठ्याची, त्यातलं एक लोंबतंय. आणि बकरीचं गाणं म्हणायचा कोण, तर एक मिशीवाला बाप्या, आवाज बारीक काढून. हे पिक्चर! आणि लोक? लोक खुळावले. जळगावात आमच्या गल्लीत म्हातारेकोतारेसुद्धा बें बें करत फिरायला लागले. माणसाला माणूस होण्याचा एवढा कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं.

मी एका कचेरीत शिपाई होतो. शिक्षण चौथी. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — तुम्ही जिथे 'आहे' म्हणता तिथे आमच्या बोलीत 'शे' म्हणतात. पाणी शे, घर शे, देव शे. मी तेच बोलत कचेरीत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात एका कारकुनानं माझं नाव 'शेशे' पाडलं. "ए शेशे, चहा शे का?" सगळी टेबलं हसायची. त्या कारकुनाची लायकी ऐका — टेबलाखाली चप्पल काढून दिवसभर पायाची बोटं चोळायचा आणि त्याच हातानं लोकांचे अर्ज घ्यायचा. असल्या माणसाला भिऊन मी दोन महिन्यांत 'आहे' शिकलो. माझ्या आयुष्यात मी मन लावून केलेला अभ्यास तेवढाच.

सिंधू पारोळ्याकडच्या खेड्यातली. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण गळा — आता कसं सांगू? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. सिंधू म्हणायला लागली की बाकीचे झोके थांबायचे. मी तिला लग्नाआधी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. एवढंच सांगतो. जास्त सांगायचा मला हक्क नाही.

शूटिंगवाल्या भाऊनं पिक्चरचा दुसरा भाग काढायचं ठरवलं. त्यात बकरी आखाजीला माहेरी जाते आणि परत यायला तयार होत नाही, मग म्हैस सासू तिला आणायला निघते. असला शहाणपणा. पण या वेळी बकरीला खरा बाईचा आवाज पाहिजे होता. त्यानं आदल्या आखाजीला सिंधूला तिच्या भावाकडे ऐकलं होतं. एका रविवारी सकाळी तो टेपरेकॉर्डर घेऊन थेट आमच्या घरी आला.

सिंधू लाजली. म्हणाली, बकरीसारखं कसं म्हणू? तो म्हणाला, "अक्का, बकरीसारखं म्हनूच नका. तुम्ही तुमनासारखं म्हना. बकरी आपोआप व्हई जाई."

मग ती म्हणाली. आखाजीचीच चाल, शब्द त्यानं दिलेले —

खुटाले बांधेल शे, चारा भी शे,
पन मन मनं माहेरमा शे.

पोरकट शब्द. पण तिनं शेवटचा 'शे' असा लांबवला की... जाऊ द्या. भाऊनं टेप मागं फिरवून तिला ऐकवलं. तिनं आपला आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. तोंडाला पदर लावून म्हणाली, "हाई मी शे?" आणि हसत सुटली. पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. मी कोपऱ्यात पेपर धरून बसलो होतो. वाचत नव्हतो.

चार दिवसांनी भाऊ माझ्या कचेरीत आला. फाटकापासूनच ओरडत — "नाना, पास! येत्या सोमवारे अक्काले रेकॉर्डिंगले धुयाले लई या. असा शे मी कोठे ऐकेल नही!"

कारकुनानं मान वर केली. "काय शेशे, घरात गाणारी बकरी पाळली आणि आम्हाला पत्ता नाही?" दुसऱ्या टेबलावरून बें आलं. मग तिसऱ्या. मोठे साहेब आतून हसले, त्यांचा आवाज मी ओळखतो.

तुम्ही असता तर काय केलं असतं? विचारतो आहे, उत्तर नको. मी भाऊला फाटकाबाहेर नेलं आणि म्हटलं, "तिची इच्छा नाही."

"अहो, त्या तर हासत व्हत्यात."

"नाही म्हणते. पुन्हा येऊ नका."

घरी आलो तेव्हा ती कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती. विचारलं नाही, फक्त पाहिलं. काहीतरी सांगायला हवं होतं आणि ते तिला पटायला हवं होतं. मी म्हटलं, "भाऊ भेटला. नको म्हणतात. गळा चांगला आहे, पण बोली गावठी आहे. या वेळी पिक्चर पुण्या-मुंबईतही दाखवायचं आहे, शे-शे ऐकून तिकडचे लोक हसतील म्हणे. बकरीनंसुद्धा नीट बोलायला पाहिजे."

ती म्हणाली, "बरं."

भाकरी उलटली. दुसरी थापायला घेतली.

तुम्हाला वाटेल हाच कबुलीजबाब. नाही. एवढंच असतं तर मी गप्प मेलो असतो. नवरे असलं खोटं रोज बोलतात.

पुढे झालं ते असं. सिंधू 'आहे' शिकायला लागली. कुणी शिकवलं नाही, तिची तीच. तिला वाटलं, नुसता शे काढला आणि तिथे आहे घातला की झालं. "भाजी संपी गई आहे." "मी भाकरी करी राहिले आहे." भाजीवाल्या बाईला म्हणायची, "वांगी ताजी आहे का?" आणि ती बाई, जी स्वतः शे-शे करायची, ती हसायची. माहेरी गेली तर भावजया म्हणाल्या, "माय वं, सिंधू तं साहेबीन व्हई गई!" ती परत आली ती दोन दिवस आधीच.

आणि गाणी? ती गाणी सगळी 'शे'वर उभी. शे काढून आहे घातला की चाल मोडते. तिनं घालून पाहिलं — मी भिंतीपलीकडून ऐकलं. ओळ म्हणायची, अडखळायची, पुन्हा सुरू करायची. एक दिवस तेही बंद झालं. श्रावणात कानबाई देवी बसली, बायका सिंधूला गाण्याचा आग्रह करून थकल्या. ती नुसत्या टाळ्या वाजवत होती. पण घरात काम करताना गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसता सूर. तेवढं उरलं होतं. तेवढ्यावर मी माझी समजूत घातली — बघ, काही बिघडलं नाही.

मग तो दुसरा भाग केबलवर आला. रविवारी दुपारी, शेजाऱ्यांच्या घरी. गल्ली सगळी जमलेली. मी जाणार नव्हतो, पण मागं राहिलो असतो तर मी का राहिलो हे तिला... म्हणून गेलो. बकरी आली. नवी शिंगं होती, तीही पुठ्ठ्याचीच. आणि बकरी गायला लागली. कुणा दुसऱ्या बाईचा आवाज, ठीक होता, फार नाही. तेच गाणं. खुटाले बांधेल शे. चारा भी शे. प्रत्येक ओळीला शे. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, काही बायका तर डोळे पुसत होत्या, एका बकरीसाठी, मूर्ख! आणि मी सिंधूकडे पाहत नव्हतो.

घरी येताना गल्लीच्या वळणावर ती थांबली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ती तर शेच म्हणते आहे."

आणि म्हणाली, "मग तेव्हा?"

मला एवढंच म्हणायचं होतं — मी खोटं बोललो, मला लाज वाटत होती. आठ शब्दसुद्धा नाहीत. ती मला काही करणार नव्हती. ती हसलीसुद्धा असती. त्याच्या पुढच्या आखाजीला झोक्यावर बसली असती. दार उघडं होतं, तिनंच उघडून धरलं होतं.

आणि मी म्हटलं, "त्यांना बोली चालत होती. तुझा गळाच नको होता. भाऊ म्हणाला, आवाज फाटका आहे. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलीवर ढकललं."

ऐकलंत? पहिलं खोटं भीतीनं बोललो. दुसरं स्वतःला चांगला ठरवायला बोललो. खोटं पकडलं जाणार होतं, तर मी त्याच खोट्यातून दयाळू नवरा होऊन बाहेर आलो. ज्या गळ्यासाठी तिला ओळखत होतो तोच काढून घेतला आणि वर उपकार केले.

तिनं मान हलवली. म्हणाली, "मनासाठे खोटं बोलनात तुम्ही." बोली तिच्या तोंडी परत आली, तिथल्या तिथे — बोलीचा दोष नव्हता म्हटल्यावर ती पुन्हा आपल्यासारखी बोलायला लागली. त्या दिवशी तिनं माझ्या आवडीची शेवभाजी केली. मी दोनदा वाढून घेतली.

त्यानंतर गुणगुणणंही गेलं. तुम्ही म्हणाल, वय झालं असेल. तिचं वय तेव्हा सव्वीस होतं, मुलगी अजून रांगत होती. मुलीच्या हळदीला बायका म्हणाल्या, आईनं एक तरी ओळ म्हणावी. तिनं हात जोडले. नातवंडं झाली, त्यांना थोपटायची, पण तोंड बंद. दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस मी शेजारी बसून होतो. बोलायला वेळ होता. ऐकायला तिला कान होते. मी डॉक्टरांबद्दल बोललो, डब्यातल्या वरणाबद्दल बोललो, पलीकडच्या खाटेवरच्या बाईच्या सुनांना नावं ठेवली. माणूस किती हलका असू शकतो याला तळ नाही.

मागच्या आठवड्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. मुलगी कल्पना शिरपूरहून आली होती, तिच्या सासूबाईही होत्या. कल्पना आत पुऱ्या लाटत होती आणि लाटता लाटता काहीतरी गुणगुणत होती. तिचं तिलाही लक्ष नव्हतं. सासूबाई दारात पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, गळा गोड शे तुना. कुनावर गई तू? मायवर का?"

कल्पना हसली. "छे हो! आईला गाणं म्हणता येतच नव्हतं. जन्मात कधी एक ओळ नाही ऐकली." मग ती हातात लाटणं घेऊन माझ्याकडे वळली. "हो ना, नाना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. सिंधूच्या भावाकडचं कुणीच आलं नव्हतं. सांगणारा मी एकटाच होतो.

मी म्हटलं, "हो."

आणि पानं वाढायला सांगितली.