पुढची सीट

आई गेली त्या दिवशी आमची नवी गाडी कापूरहोळच्या शोरूममध्येच उभी होती. आईला त्या गाडीतून एकदा भाटघरला, माहेरी जायचं होतं.

तिथला सेल्समन आधी खुर्ची पुसायचा, मग चहा मागवायचा. "झालंच बघा सर, उद्या न्या." उद्या गेलं की पासिंग राहिलेलं असायचं, मग विमा, मग साहेबांची सही. शेवटी सगळं झालं, तेव्हा म्हणाला, "आज अमुशा हाय. आज गाडी हलवायची न्हाई."

"अहो, आई आजारी आहे!"

"म्हणूनच म्हणतो सर," म्हणत त्याने पुन्हा चहा मागवला. आई त्याच संध्याकाळी गेली.

सुतक फिटल्यावर तो स्वतःच गाडी घेऊन विंझरला आमच्या घरी आला. हार नव्हता, पेढे नव्हते. पुढची सीट मात्र मागे सरकवलेली होती. आईला गाडी दाखवायला नेलं होतं, तेव्हा तिचे गुडघे दुखू नयेत म्हणून त्यानेच ती सरकवली होती.

"मावशींच्या मापाची हाय. म्या हात न्हाई लावला."

मी चहाचं विचारलं.

"नको सर, उशीर व्हतोय," म्हणाला आणि एसटीने परत गेला.

सीट अजून तशीच आहे. भाटघरला आम्ही गेलेलो नाही.